ओरडायला जागा

वर्षाला सतराशे नव्व्याण्णव, अधिक कर.
पर्स हरवली तर एकच फोन,
सगळी कार्डं एका दमात बंद.
बाहेरगावी अडकलात तर हॉटेलचं बिलसुद्धा आम्ही भरू.
मुलीचा आवाज गोड. नाव म्हणाली ओजस्विनी.
मी लॅबमध्ये, हातमोजे घातलेले,
फोन खांद्यात दाबून कुणाचं तरी हिमोग्लोबिन लिहीत होते.
सगळी म्हणजे किती, मनात मोजली:
एक पगाराचं, एक उमाकांतच्या हट्टापायी घेतलेलं,
आणि एक रेशनचं, ते धरायचं की नाही कोण जाणे.

"विचार करून सांगते," म्हटलं.
उदगीरमध्ये याचा अर्थ नाही असा होतो.
तिला ते माहीत नव्हतं. तिनं बुधवार लिहून घेतला.

पण मी खरंच विचार करत बसले.
दोन वर्षांमागं लातूरच्या स्टँडवर पर्स गेली होती.
पैसे सातशे वीस, त्याचं काही नाही.
बँकेचा नंबर कार्डाच्या पाठीवर
आणि कार्ड पर्समध्ये.
उन्हात उभी राहून उमाकांतला फोन लावत होते,
तो वर्गात, फोन सायलेंटवर.
एक तास चाळीस मिनिटं.
खात्यातून कुणी रुपया काढला नाही. पर्सही मिळाली नाही.
ती शंभर मिनिटं अजून माझ्या पोटात आहेत,
आणि ओजस्विनी मला तीच विकत होती,
उलटी करून, धुऊन, इस्त्री मारून.

बँकेत विचारलं. पटवारी साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले,
कार्ड बंद करायला पैसे लागत नाहीत, ताई.
मग फोन तुमच्या नावानं कसा येतो?
ती वेगळी कंपनी आहे, म्हणाले.
थोड्या वेळानं म्हणाले, आम्हालाही टार्गेट असतं.
आणि शिक्के मारायला लागले, जोरजोरात.

येताना कपाटाची किल्ली करायला मैनोद्दीनकडं थांबले.
पितळेचा भुसा त्याच्या गुडघ्यावर.
सगळं ऐकून घेतलं त्यानं.
"म्हंजे सगळ्या किल्ल्या एका डब्यात
आन् डबा त्यांच्याकडं? कामून?"
हरवल्या तर बंद करतील म्हणून.
"आन् डबा हरवला तर?"
मी म्हटलं, तूसुद्धा अख्ख्या गावाच्या किल्ल्या करतोस,
एखादी जास्तीची ठेवून घेतलीस तर?
त्यानं कानस थांबवली. रागावला नाही.
"तुमाला कसं कळंल? न्हाईच कळणार.
पर बत्तीस साल झाले, म्या हितंच बसतो.
काई झालं तर हितं येऊन वरडता येतंय की."

किल्लीचे चाळीस रुपये दिले.

बुधवारी बरोबर अकराला फोन.
अटी वाचून दाखव म्हटलं.
तिनं वाचल्या, श्वास न घेता:
पिन सांगितला असेल तर भरपाई नाही,
पोलिसांत नोंद नसेल तर नाही,
पुढच्या वर्षीची रक्कम आपोआप वजा.
कार्डांचे नंबर आता फोनवरच सांगायचे? "हो मॅडम, सुरक्षित असतात."
तू कुठं बसतेस गं?
"मॅडम, ते सांगायची परवानगी नाही."
तू घेतलीस का ही योजना?
ती हसली. हे हसू तिच्यासमोरच्या कागदावर नसणार.
"माझ्याकडं कार्डच नाही, मॅडम.
पगार आईच्या खात्यात जातो."

मी नको म्हटलं. सरळ, उदगीरसारखं नाही.
ती "ठीक आहे" म्हणाली
आणि क्षणभर फोन ठेवायचा विसरली.
तिच्या मागं पन्नास जणी पन्नास जणांना
पर्स हरवल्याचं सांगत होत्या.

आता बँकेचा नंबर लिहिलाय
कपाटाच्या दाराला आतून, उमाकांतच्या हजेरीवहीत,
आणि डब्याच्या झाकणाला, चिकटपट्टी लावून.
भीती गेली का? छे.
रात्री एकदा उठून अंधारात पर्स चाचपते.
तेवढं फुकट आहे.